तुझी ताई-ची, माझी लाथ

नलूताई,

काल तुझं बारावं झालं. मी अजून रडलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तू पहिलं हेच विचारलं असतंस.

तू गेलीस त्या दिवशी तुझ्या भावाचा, बाळादादांचा फोन आला तेव्हा मी मैदानावर आठवीच्या मुलींचा तास घेत होते. मी "हो" म्हटलं, "बरं" म्हटलं, "निघते" म्हटलं. फोन खिशात ठेवला आणि शिट्टी मारून तास पूर्ण केला. मुलींना दोन फेऱ्या जास्तच मारायला लावल्या, का ते माझं मलाच माहीत नाही. मग पेणहून एसटी पकडली. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून चहा प्यायले, वर त्या चहावाल्याला साखर जास्त झाल्याचं सांगितलंसुद्धा. रोह्याला तुझ्या दारात चपलांचा ढीग होता. माझ्या चपला मी नीट जोडीनं एका बाजूला काढून ठेवल्या आणि आत आले.

तेव्हापासून असंच चाललंय. खूप वेळ मांडी घालून बसलं की पाय झोपतो ना, तसं. चिमटा काढला तर चिमटा काढल्याचं कळतं, पण दुखत नाही.

काल तुझ्या घरी आलेली माणसं तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होती. सिंगापूरला नर्स होती, कुणाच्याही आजारपणात धावून जायची, भावाच्या मुलांचं सगळं केलं. ते सगळं खरंच आहे. मग शेजारच्या एक काकी म्हणाल्या, "सकाळची नदीवर जाऊन हात हलवायची गो. तब्येतीसाठी." हात हलवायची! बारा दिवसांत पहिल्यांदा मी ताठ बसले. त्या काकींना मी सांगणार होते की ते हात हलवणं नव्हतं, ती लढायची विद्या होती. आणि मग माझ्याच लक्षात आलं की साडेतीन वर्षं मी तुला बरोबर उलटं सांगत आले. ते हात हलवणंच आहे, हेच मी म्हणायचे. आपलं भांडण ह्या एकाच गोष्टीवरून होतं आणि ते अर्धवट सोडून तू गेलीस.

तू शाळेत पहिल्यांदा आलीस तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मुलींना स्वसंरक्षण शिकवायचं असं ठरलं होतं. मी खेळाची शिक्षिका, म्हणजे ते काम माझंच. अलिबागला दहा दिवसांचं शिबिर करून मी लाथ, कोपर आणि गुडघा शिकून आले होते. तेवढ्यात मोठ्या बाईंना कुणीतरी तुझं नाव सांगितलं. तू आलीस ती सुती सलवार-कुडत्यात, पायात कापडी बूट, केसांचा घट्ट अंबाडा. दोनशे मुलींसमोर मधोमध उभी राहिलीस आणि सावकाश, अगदी सावकाश हात उचललेस. दहा मिनिटं ते चाललं होतं. मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. मागच्या रांगेतून एकजण म्हणाली, "बाई, ह्यांचा सेल उतरलाय काय?" सगळं मैदान हसलं. सगळ्यांत जास्त तू हसलीस.

"ह्याला ताई-ची म्हणतात," तू म्हणालीस. मुलींना वाटलं ताईची, म्हणजे नलूताईची. शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी तेच राहिलं. "आज कुणाचा तास हाय, बाईंचा का ताईची?"

मग तू मला पुढं बोलावलंस. "या बाई, मला ढकला. जोरात ढकला, लाजू नका."

मी जिल्ह्याच्या कबड्डी संघातून डावा कोपरा खेळलेली. चढाईला आलेल्या चांगल्या दणकट पोरींना मी उचलून आडवं केलेलं. आणि समोर तू, पन्नाशी ओलांडलेली, माझ्या खांद्याला लागणारी. मी दोन्ही हातांनी तुझ्या खांद्यांवर जोर दिला. बंद समजून दार ढकलावं आणि ते नुसतंच लोटलेलं असावं, तसं झालं. तिथं काहीच नव्हतं. तू कमरेत जराशी वळलीस, एवढंच मला दिसलं. मी तीन पावलं पुढं जाऊन हातांवर पडले. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले, हात झटकले आणि म्हटलं, "पुन्हा."

दुसऱ्यांदा मी ढकलायला आलेच नाही. खाली सूर मारला आणि तुझा घोटा धरून खेचला. तू पाठीवर सपशेल आडवी. मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही, बाईचं कंबरडं मोडलं. तू तशीच पडल्या पडल्या आभाळाकडं बघत म्हणालीस, "ह्याचं उत्तर माझ्याकडं नाय. तू मला हे शिकव, मी तुला ते शिकवते."

तिथून आपण 'अहो-जाहो' सोडलं.

मग रविवार सुरू झाले. सकाळची पहिली गाडी पकडून मी रोह्याला यायचे. आपण कुंडलिकेच्या काठी जायचो. धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारी माणसं गाड्यांवरून आपल्याकडं बघत जायची. तू मला मनगटाला मनगट लावून उभी करायचीस आणि सांगायचीस, "हातानं ऐक." मला काही ऐकू यायचं नाही. मला फक्त माझाच जोर कळायचा. तू म्हणायचीस, "बघ, खांदा वर गेला. मला तुला पाडायची गरजच नाय, तू आधीच निम्मी पडलेली हायस."

सिंगापूरच्या त्या म्हाताऱ्या चिनी शिंप्याबद्दल तू मला किती वेळा सांगितलंस. तुमच्या इमारतीखाली तो रोज सकाळी एकटाच सराव करायचा. तू रात्रपाळी करून यायचीस आणि त्याच्याकडं बघत उभी राहायचीस. सहा महिने त्यानं तुला नुसतं उभं राहायला शिकवलं. गुडघे सैल, वजन कुठल्या पायावर आहे ते ओळखायचं, बस. तू त्याला विचारलंस, मारामारी कधी शिकवणार. तो म्हणाला, हीच मारामारी आहे, तू आता जिंकत नाहीस.

मी म्हणायचे, "हे बोलायला छान आहे. पण रस्त्यावर कोण असा सावकाश येतो?"

"सावकाश शिकायचं असतं गो. सावकाश मारायचं, असं कुणी सांगितलं?"

"मग जोरात करून बघू. मी खरं अंगावर येते."

"तू खेळाडू हायस. तू येणार ते मला माहीत, मी उभी हाय ते तुला माहीत. ह्यात खरं काय?"

"कबड्डीत समोरचा खरंच ओढतो. त्याला सुटायचं असतं. तुझ्यात सगळं मिळून-मिसळून."

इथं येऊन तू गप्प व्हायचीस. त्या गप्प होण्याला मी माझा विजय समजायचे. आता वाटतं, तू खरंच विचार करत असायचीस. कारण दोन-तीन रविवारांनी तू तेच वाक्य परत काढायचीस आणि म्हणायचीस, "तुझं एक बरोबर हाय. शिंपी कधी कुणाशी भांडला नाय. मला पण माहीत नाय, तो खऱ्या मारामारीत टिकला असता का."

तू एवढं मान्य करायचीस. मी कधी काय मान्य केलं? रोहा स्टँडवरचा प्रसंग घे. मी पेणच्या गाडीला उभी होते, तू सोडायला आली होतीस. एक माणूस, भरदुपारी पिऊन आलेला, कंडक्टरच्या अंगावर जाऊन ओरडत होता. कंडक्टरनं त्याला ढकललं तसा तो चवताळला, हातातली छत्री उगारली. लोक मागं सरले. तू पुढं गेलीस. छत्री खाली येत होती त्याच दिशेनं तुझा हात तिच्याबरोबर गेला, त्याच्या कोपराला लागला, तू एक पाऊल वळलीस आणि तो माणूस बाकड्यावर बसलेला होता. त्यालाच कळेना आपण कसे बसलो. छत्री मांडीवर. तू त्याच्या शेजारी बसलीस आणि विचारलंस, "जेवलास का रे?" तो रडायलाच लागला.

गाडीत चढताना मी तुला काय म्हटलं? "तो पिलेला होता ताई. त्याला कुणीही बसवलं असतं."

तू खिडकीखालून म्हणालीस, "मारामारी करणारे किती जण शुद्धीत असतात गो?"

गाडी सुटली म्हणून बरं झालं.

आता सायलीचं. मला हे लिहायचं नाही, पण हे लिहिण्यासाठीच बसले आहे.

शाळेतला आपला वर्ग दीड वर्ष चालला. मंगळवारी मी लाथ-कोपर शिकवायचे, शुक्रवारी तू यायचीस. सायली तेव्हा नववीत होती, डोलवीच्या बाजूच्या गावातली, अंगानं किरकोळ. बापाचं कंपनीत कंत्राटी काम. बाकीच्या मुली तुझ्या तासाला कंटाळायच्या, ही मात्र जेवणाच्या सुट्टीतसुद्धा भिंतीशी उभी राहून हात फिरवत असायची. तू म्हणायचीस, "हिच्या हातांना ऐकू येतं."

पावसाळ्यातली गोष्ट. शाळा सुटल्यावर ती गाडीतून उतरून गावच्या रस्त्यानं चालत निघाली होती. मोटारसायकलवरच्या एका माणसानं वाटेत गाडी आडवी घातली आणि तिचं मनगट धरलं. पुढं काय झालं ते कुणी पाहिलं नाही. तिकडून टेम्पो येताना दिसला तसा तो माणूस पळून गेला. टेम्पोवाल्याला ती रस्त्याच्या कडेला चिखलात पडलेली सापडली. डाव्या बाजूचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. तो माणूस पुढं सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळे एकच बोलत होते. पोर ओरडली का नाही, पळाली का नाही? कुणीतरी म्हणालं, "ती ताईची करत बसली असणार." मी कुणाला थांबवलं नाही. मला ते पटलंच होतं. तिला भेटायला जायच्या आधीच पटलं होतं. संध्याकाळी मी मोठ्या बाईंना अर्ज लिहिला. त्यातलं वाक्य मला पाठ आहे. 'सदर व्यायामप्रकार आरोग्यासाठी चांगला असला तरी त्यामुळे मुलींच्या मनात खोटा विश्वास तयार होतो, आणि हा खोटा विश्वास धोक्याचा आहे.' खाली माझी सही.

शुक्रवारचा तास बंद झाला.

तू तुझी हजेरीची वही आणि गोधडीसारखी ती सतरंजी न्यायला आलीस. मी मैदानाच्या टोकाला चुन्यानं रेघा मारत होते. तू सरळ माझ्याकडं आलीस. मला वाटलं, आता भांडशील. मी तयारीत होते, सगळी उत्तरं जुळवून ठेवली होती. तू म्हणालीस, "बरोबर केलंस. पोरीचं हाड मोडलं." आणि गेलीस. माझी उत्तरं तशीच राहिली.

चार महिने मी रोह्याला आले नाही. रविवारी उशिरा उठायचे, कपडे धुवायचे. मग एकदा तुझा फोन आला. "शुभा, उद्या रविवार हाय. पोपटीला शेंगा आणल्यात दादानं. येतेस का?" मी आले. मडक्यात भाजलेल्या शेंगा खाल्ल्या. हात धुतल्यावर तू मनगट पुढं केलंस, मी माझं लावलं. शाळेचा, सायलीचा, अर्जाचा विषय ना तू काढलास ना मी. मला वाटलं, तू विसरलीस. माणूस स्वतःच्या सोयीचं किती पटकन समजतो.

ह्या फेब्रुवारीत दहावीच्या मुलींचा निरोप समारंभ झाला. सगळ्या मुली पाया पडून गेल्या, सायली मागं राहिली. खुर्च्या उचलताना माझ्याबरोबर हात लावत म्हणाली, "बाई, एक सांगायचं होतं. रागवणार नाय ना?"

"सांग."

"त्या दिवशी त्यानं माझा हात धरला ना, तो मी सोडवला होता. ताईंनी शिकवलेला तसाच. मी ओढला नाय. त्याच्याबरोबर गेले आणि वळले. तो पुढं झुकला, गाडीवरच आडवा पडला."

मी खुर्ची खाली ठेवली.

"तेव्हाच पळायचं होतं बाई. पण मला वाटलं, आता मारायला पाहिजे. म्हणून मी लाथ मारली. तुमची. एक पाय वर घेतला आणि खालचा चिखलात घसरला. मी अशी खांद्यावरच पडले."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. चूक तिचीच होती अशा आवाजात सांगितलं. मी तिला म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. अभ्यास कर." एवढंच म्हटलं, नलूताई. अभ्यास कर. आणि राहिलेल्या खुर्च्या एकावर एक रचल्या.

तेव्हापासून तू जाईपर्यंत सात महिने होते. त्या सात महिन्यांत किती रविवार येतात ते मी मोजलेलं नाही. दर रविवारी गाडीत बसताना ठरवायचे, आज ताईला सांगायचं. वाकणला गाडी वळली की वाटायचं, पोहोचल्या पोहोचल्या नको, सराव झाल्यावर सांगू. सराव झाला की तू चहा टाकायचीस. चहा झाला की गाडीची वेळ व्हायची. मी अर्ज मागं घेऊ शकले असते. मोठ्या बाईंना चार ओळी लिहून द्यायला पाच मिनिटं लागली असती. पण मग लाथ शिकवणं बंद करावं लागलं असतं, किंवा निदान असं उभ्या उभ्या म्हणावं लागलं असतं की मी चुकले. मला ते जमलं नाही. तुझ्यापुढं तर नाहीच. माझा खांदा वर गेलेला तुला लगेच कळायचा, म्हणून मी त्या सात महिन्यांत खांदे सैल सोडायला शिकले. तू म्हणालीस, "आता तुझं बरं जमायला लागलंय." मी हसले.

शेवटच्या रविवारी तू लवकर थकलीस. नदीवर न जाता गच्चीतच उभी राहिलीस. तुझ्या कपाळावर घाम होता आणि बोटं गार होती. तू नर्स. मला वाटलं, काही असतं तर तुला कळलं असतं. कदाचित तुला कळलं होतंही. मनगटाला मनगट लागल्यावर मी तोंड उघडलं. "ताई, ते सायलीचं—"

तू म्हणालीस, "बोलू नको. हात ऐक."

खरं तर सुटल्यासारखं वाटलं. पाचेक मिनिटांनी तू "आज पुरे" म्हणून खाली गेलीस. जाताना मी जिन्यातून ओरडले, "पुढच्या रविवारी लवकर येते." तू आतून "ये" म्हणालीस. बुधवारी तू गेलीस.

काल बाराव्याला सायली आली होती. मला ते अपेक्षित नव्हतं. ती आता रोह्यालाच अकरावीला आहे, मामाकडं राहते. पंगती बसल्यावर ती वाढायला लागली, तुझ्या घरात डाव कुठं, वाट्या कुठं, सगळं तिला माहीत. मी विचारलं, तुला कसं ठाऊक. तिनं माझ्याकडं जरा दचकून पाहिलं.

"मी शनिवारची येते ना बाई. जूनपासून. ताईंनी सांगितलं नाय?"

तू मला सांगितलं नव्हतंस. तिचा शनिवार, माझा रविवार.

आम्ही मागच्या पडवीत जाऊन बसलो. मी तिला म्हटलं, "सायली, तू मला निरोपाच्या दिवशी जे सांगितलंस, ते मी ताईंना कधी सांगितलं नाही. आता राहून गेलं."

तिनं ओढणीला हात पुसले. मग म्हणाली, "बाई, ताईंना माहीत होतं. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दवाखान्यात. आईच्या पण आधी."

म्हणजे तू माझ्यासमोर त्या चुन्याच्या रेघांवर उभी राहून "बरोबर केलंस" म्हणालीस, तेव्हा तुला सगळं माहीत होतं.

मी विचारलं, "मग त्या बोलल्या का नाहीत?"

"मी म्हटलं होतं, शाळेत येऊन सांगते. तर ताई म्हणाल्या, सांगू नको. म्हणाल्या, बाईंना कळलं तर त्या शिकवायचंच सोडतील. तशी जिद्दीनं शिकवणारी दुसरी नाय मिळायची तुम्हांला." सायली बोलता बोलता रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझा हात मला लाकडासारखा वाटत होता. "आणि म्हणाल्या, लाथ चुकली तशी मी पण चुकले. तुला हात सोडवायला शिकवला, पण सोडवल्यावर पळायचं, हे मी एकदाही सांगितलं नाय. दीड वर्षात एकदाही नाय. शुभा मला सारखी सांगायची, हे खरं करून बघू. मी ऐकायला पाहिजे होतं."

"मग तू मला का सांगितलंस?"

"मला राहवलं नाय बाई. ताईंना नंतर सांगितलं, की मी बाईंना बोलले. ताई म्हणाल्या, बरं झालं, आता ती येईल बोलायला तेव्हा येईल."

सात महिने तू वाट बघत होतीस का गं? का तुलाही ते नकोच होतं? गच्चीत "बोलू नको" म्हणालीस ते दमली होतीस म्हणून, की मला वाचवायचं म्हणून? ह्यांतलं खरं कुठलं ते मला आता कळणार नाही. मी कालपासून तोच तोच विचार करतेय आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं. तुझ्यावर रागसुद्धा येतोय. तू भांडायला हवं होतंस. मी तुझा घोटा धरला होता, तू एकदा तरी झटकायला हवा होतास. हे असं समोरच्याचा जोर येऊ देणं आणि आपण बाजूला होणं, ह्यानं तू पडली नाहीस, मी पडले, आणि मी पडले हे मला कळायला दोन वर्षं लागली. ह्याला तू लढणं म्हणत असशील तर म्हण. मला अजून पटलेलं नाही. पण ते नुसतं हात हलवणं आहे, असं मी पुन्हा म्हणणार नाही.

आज सकाळी शाळेत गेल्या गेल्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. अर्ज लिहूनच नेला होता. दोन वर्षांपूर्वीचा माझा अर्ज चुकीचा होता, मी मुलीला न विचारता तो लिहिला होता, हात तिनं सोडवला होता आणि ती पडली ती मी शिकवलेल्या लाथेमुळे. मोठ्या बाईंनी दोनदा वाचला. चष्मा काढला.

"आता ह्याचा काय उपयोग शुभाताई? त्या बाई तर गेल्या."

"शनिवारचा पहिला तास मला द्या," मी म्हटलं.

"शिकवणार कोण?"

"सायली. तिच्या मामांशी बोलले मी. ती सकाळच्या गाडीनं येईल."

"अकरावीतली पोरगी शिकवणार? आणि तुम्ही काय करणार?"

"मी मुलींच्या रांगेत उभी राहणार."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की बहुतेक त्यांना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण हो म्हणाल्या. म्हणाल्या, महिनाभर बघू.

मधल्या सुट्टीनंतर नववीच्या मुलींना मी ते सांगितलं. एक विचारते, "बाई, म्हणजे तुमची लाथ बंद?" मी म्हटलं, बंद नाही, पण कोरड्या जमिनीवर आणि दुसरं काहीच उरलं नसेल तेव्हा. त्यांनी वहीत लिहून घेतलं. आता लाथ वहीत लिहून काय कळणार, पण लिहिलं खरं.

मी अजून रडले नाही, नलूताई. येईल तेव्हा येईल. शनिवारी सायली त्यांना हात सोडवायला शिकवेल, सावकाश, तू शिकवायचीस तसा. एकीनं धरायचं, दुसरीनं सोडवायचं. आणि सुटल्याबरोबर मी शिट्टी मारणार आहे. ती वाजली की प्रत्येकीनं फाटकापर्यंत पळायचं, मागं वळून न बघता. तेवढं मी शिकवीन.